कोणत्या कुशीवर फिरतं, एवढं विचारा

चक्कर गेली. राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

सून म्हणाली, "आई, रागाच्या भरात लिहू नका, लोकायले वाईट वाटंल." मी म्हटलं, "वाटू दे. मले बी वाटलंच होतं."

ज्यांना बसल्या जागी घर फिरताना दिसतं, ज्यांना खाटेवर कुशीवर वळायची धास्ती वाटते, आणि सांगायला गेलं की ज्यांना अर्ध्यातच गप्प केलं जातं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांनी गप्प केलं त्यांनीही वाचलं तर बरं होईल. पण ते वाचायचे नाहीत. त्यांना वेळ नसतो.

मी कोण ते आधी सांगते. माझं नाव सुमन. धनजच्या पलीकडं एका खेड्यात माझं घर आहे. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मी एकटी राहते आणि मला एकटीनं राहायला आवडतं, हे लोकांना खरं वाटत नाही. स्वतःची चूल, स्वतःचं वावर, दावणीला एक गाय. मुलगा गजानन वाशीमला असतो, कोर्टाजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. सविता त्याची बायको. आणि इथं गावात, भिंतीला भिंत लागून माझी धाकटी जाऊ कमला. गोष्ट एवढ्याच माणसांची आहे आणि भांडणही एवढ्याच गोष्टीचं होतं, की मी माझ्या घरात राहायचं की नाही.

आढं फिरलं ती सकाळ

पोळा होऊन गेला होता. सकाळी उठायचं म्हणून मी उजव्या कुशीवर वळले आणि डोक्यावरचं आढं फिरायला लागलं. आढं, त्याच्यावरचे टिन, खुंटीवरची पिशवी, सगळं एकाच बाजूनं, जातं फिरावं तसं. मी खाटेची पाटी, म्हणजे कडेचं लाकूड, दोन्ही हातांनी घट्ट धरली. वाटलं आता आपण खाली पडणार, आणि मग लक्षात आलं की आपण तर निजलेलेच आहोत, पडणार कुठं. चहाला उकळी येईपर्यंतही ते टिकलं नाही. आपोआप थांबलं.

थांबल्यावर मी चांगली होते. अगदी चांगली. उठले, तोंड धुतलं, बादली घेऊन गाईजवळ गेले. धार काढायला खाली वाकले आणि पुन्हा तेच. मी गाईच्या पोटाला डोकं टेकवून तशीच बसले. गाईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, चांगलं टक लावून. पुढं जे डॉक्टर भेटले त्यांच्यापेक्षा तिनंच मला जास्त वेळ पाहिलं.

चार-सहा दिवसांत मला माझं कळलं होतं. उजव्या कुशीवर वळलं की येते. चुलीत फुंकायला वाकलं की येते. फळीवरचा डबा काढायला मान वर केली की येते. नुसतं चाललं, वावरात गेलं, बसून निंदलं, तर येत नाही. मी काही शिकलेली नाही. चौथीनंतर जे वाचलं ते पोथ्या आणि किराण्याच्या पुडीचे कागद. पण आपल्या अंगावर काय होतं ते ओळखायला शाळा लागत नाही. मला वाटलं, एवढं नीट सांगितलं की डॉक्टर लगेच ओळखेल.

सांगू दिलं असतं तर

आमच्याकडं सलाईन लावल्याशिवाय माणूस आजारी पडला असं कोणी मानत नाही. पेशंटही मानत नाही आणि डॉक्टरही. बाजाराच्या गावातल्या दवाखान्यात गेले तर नाव सांगायच्या आधी बाटली टांगलेली होती. "कमजोरी आहे," म्हणाले. कमजोरी कशानं, मी दोन वेळ भाकर खाते, गाईचं दूध पिते. बाटली चालू असताना मी उजवीकडं वळले आणि घर फिरलं. मी ओरडले. तिथली पोरगी म्हणाली, "बुढी घाबरली सुईले."

मग कारंजाला गेले. मोठा दवाखाना, बाहेर पुष्कळ चपला. तिथलं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला पाठ झालं आहे.

"काय होते आजी?"

"सायेब, उजवीकडं वळली का—"

"चक्कर येते?"

"येते, पण उजवीकडं—"

"जेवण जाते?"

"जाते. थे वळल्यावरच—"

"झोप लागते?"

"लागते. सायेब, माह्यं ऐकून तर—"

"मानेचा फोटो काढून आणा."

फोटोत मानेचे मणके झिजलेले दिसले. माझ्या वयाच्या बाईचे मणके झिजणार नाहीत तर काय वाढणार? जन्मभर डोक्यावर कडबा वाहिलाय. पण फोटोत झीज दिसली म्हणजे चक्कर तिचीच, असं ठरलं आणि माझ्या गळ्यात पट्टा बांधला. बैलाला जू ठेवतात तसा. वरून गोळ्या दिल्या.

आता यातली गंमत ऐका, म्हणजे तुम्हाला माझा राग कळेल. पट्ट्यानं मान वाकेना, वर होईना. मग चक्कर कमी झाली. मी डॉक्टरांना तसं सांगितलं तर ते खूश. "बघा, म्हणजे मानेचंच होतं." मीही मान्य केलं. मान हलली नाही तर चक्कर येत नाही, हे तर मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. पण हललेली मान आणि दुखणारी मान यांत फरक असतो, हे त्यांना सुचलं नाही. माझी मान एक दिवसही दुखली नव्हती. ती दुखते का, हेही कोणी विचारलं नव्हतं.

पट्टा घालून भाकर थापून बघा एकदा. तवा दिसत नाही. भाकर उलथायला अख्खं अंग वाकवावं लागतं. माझा हात दोनदा पोळला. गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहायची. आधी मी फक्त वळल्यावर फिरत होते, गोळ्या सुरू झाल्यावर सपाट रस्त्यावर झोकांड्या खायला लागले. लोक बघायला लागले.

तिसऱ्या वेळी गजानन मला वाशीमला एका डॉक्टरकडं घेऊन गेला. ते माझ्याशी बोललेच नाहीत, गजाननशीच बोलले. "वय झालं यांचं. आता एकटं ठेवू नका." वय झालं हा काय आजार आहे? माझी उजवी कूस आणि डावी कूस एकाच वयाच्या आहेत ना. मग उजव्याच कुशीला का फिरतं, सांगा. मी विचारलंही. ते हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. पण गजाननच्या डोक्यात तेवढंच वाक्य बसलं. एकटं ठेवू नका.

मातामायच्या ओट्यावर

नवरात्रात अष्टमीला आमच्या गावात घरोघरची मोठी बाई मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ओट्यावर डोकं टेकवते, मग मान वर करून निंबावरच्या निशाणाला हात जोडते. आमच्या घरची मोठी बाई मी. पट्टा घालून ओट्यावर डोकं टेकता येत नाही. मी तो काढून कमलाच्या हातात दिला.

डोकं टेकवलं. उठले. मान वर केली, निशाण बघितलं, आणि निशाणासकट सगळं निंबाचं झाड फिरलं. मी झाडाला मिठी मारली. अंग थरथरत होतं. डोळे माझ्या ताब्यात नव्हते.

कमला माझ्या तोंडाशी वाकली. तिनं माझे डोळे पाहिले आणि मोठ्यानं म्हणाली, "मायबाई, डोळे पाहा बाईचे. बाईच्या अंगात आली."

झालं. डफडं जोरात वाजायला लागलं. कोणी कपाळभर कुंकू फासलं, कोणी पायांवर पाणी घातलं. दोन बायांनी मला दंडाला धरून झुलवायला सुरुवात केली. ज्या बाईला जग फिरताना दिसतं आहे तिला वरून झुलवायचं, हे कोणत्या देवीनं सांगितलं? मी म्हणत होते, "मले बसू द्या, मले बसू द्या." डफड्यात कोणाला ऐकू येईना. एक जण पुढं आली, "माय, पाऊस कवा थांबंल? सोयाबीन उभ्यानं सडून राह्यलं." मी तिच्यासमोर ओकले. तर म्हणाल्या, देवीनं गावावरची बाधा बाहेर टाकली.

देवीवर माझा राग नाही. मी तिला आजही मानते. तिनं काहीच केलं नव्हतं बिचारीनं, आम्ही दोघीही तिथं नुसत्या उभ्या होतो.

पुढच्या मंगळवारी दारात बाया. ओटी, नारळ, लिंबू. कोणाचं लेकरू चालत नाही, कोणाची पोरगी माहेरी येऊन बसली. खोटं कशाला बोलू, पहिल्या मंगळवारी मला जरा बरंच वाटलं. इतक्या दिवसांत कोणी माझ्यासमोर शांत बसलं नव्हतं. पण त्या ऐकायला आल्या नव्हत्या, विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, "अवो, मले उजवीकडं वळलं का भोवंड येते, देवी-गिवी काही नाही." एक म्हातारी दुसरीला हळूच म्हणाली, "देवी कधी आपलं नाव सांगत नसते."

कमलानं माझ्या गोळ्या उचलून ठेवल्या. "बाई, औषध घेऊन देवी दाबू नका. ते अंगावर उलटते."

"कमला, मले दवाखान्यात जायचं हाय वो. दुसऱ्या एखाद्या."

"कायले? गाव तुमच्या पाया पडून राह्यलं, अन तुमी दवाखान्यात चालल्या."

तेव्हा मला खरी भीती वाटली. आजाराची नाही. गावाला मी बरी व्हायला नको होतं, ही भीती.

कुलूप

अष्टमीला ओट्यावर कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. तो गावातून कारंजाला, कारंजाहून वाशीमला गेला. गजाननच्या दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्या माणसानं त्यालाच दाखवला, की हे तुमच्याकडचंच गाव ना. मोबाईलमध्ये त्याची माय, केस मोकळे, कपाळभर कुंकू, झाडाला मिठी मारून ओकते आहे.

तो दुकान बंद करून मोटरसायकलवर तसाच आला.

"आई, कपडे भर. वाशीमले चाल."

"काहून? म्या काय केलं?"

"काही नाही केलं. अठी एकटी पडशीन, चुलीवर पडशीन, मंग मी लोकायले काय तोंड दाखवू?"

"तुह्या तोंडासाठी मी माह्यं घर सोडू?"

"घर कुठी पळून चाललं? कुलूप लावतो."

"अन गाय?"

"काकूकडं बांधतो."

त्यानं नवीन कुलूप आणलंच होतं, खिशात. म्हणजे वाशीमहून निघतानाच ठरलं होतं. दार ओढलं, कुलूप लावलं, चावी आपल्या पाकिटात घातली. माझ्या घराची चावी. मी जिवंत, समोर उभी. गाय कमलाच्या गोठ्यात नेताना दोन वेळा मागं फिरली. कमला रडत होती, पण ती देवीसाठी रडत होती.

गजानन वाईट मुलगा नाही. तो घाबरला होता. पण घाबरलेला माणूस आणि शहाणा माणूस वरून सारखेच दिसतात, दोघंही ठामपणे बोलतात. राग येतो तो याचाच.

वाशीमला गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मला गॅसजवळ जाऊ देत नव्हते. न्हाणीची कडी आतून लावू देत नव्हते. सविता चांगली पोर आहे, पण मी पाणी प्यायला उठले तरी "आई, बसा, मी देते." दिवसभर मी खुर्चीवर. खिडकीतून रस्त्यावरचे ऑटो मोजायचे म्हटलं तर मान खाली करावी लागे, आणि मान खाली केली की ऑटोंसकट रस्ता फिरे. एकदा गजानन फोनवर कोणाला तरी म्हणाला, "वावर आता बटईनंच द्यावं लागंल, आई काही वापस जात नाही." म्हणजे माझं वावर दुसऱ्याला वाट्यानं कसायला. मी दाराआड होते. त्या दिवशी मी जेवले नाही. कारण विचारलं नाही कोणी. म्हणाले, चक्करमुळं भूक गेली असेल.

मी तिथं पेशंट म्हणून गेलेच नव्हते

माझा आजार सापडला तो माझ्यासाठी कोणी शोधला म्हणून नाही. सविताचं नाक सारखं चोंदायचं, कपाळ दुखायचं. तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं होतं. मला घरी एकटी ठेवायची नाही म्हणून तिघं गेलो. मी सोबत. पिशवी असते तशी.

सविताचं तपासणं झालं. निघताना माझी चप्पल टेबलाखाली गेली होती, ती ओढायला मी वाकले आणि मान वर केली. फिरलं. मी टेबलाची कड धरली.

बाई खुर्चीवरून उठल्या. "काकू, काय झालं? आत्ता काय वाटतंय?"

गजानन म्हणाला, "काही नाही मॅडम, वय झालं. मानेचं हाय त्यांचं."

"मी त्यांना विचारतेय."

एवढं एक वाक्य. मला त्या बाईंच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण वाकले असते तर पुन्हा फिरलं असतं.

त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "चक्कर हा शब्द बाजूला ठेवा. काय दिसतं ते सांगा. घर फिरतं, की डोळ्यांपुढं अंधार येतो, की चालताना तोल जातो?"

"घर फिरते. जात्यावानी."

"किती वेळ?"

"चहा उतू जाईपर्यंत बी नाही."

"कशानं येतं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. उजवी कूस, चूल, फळीवरचा डबा, गाईची धार, मातामायचं निशाण. मध्ये कोणी बोललं नाही. त्यांनी फक्त मधूनमधून विचारलं, ऐकायला कमी येतं का, कानात आवाज होतो का, बोलताना जीभ अडखळते का, हातपाय लुळे पडतात का, एक वस्तू दोन दिसते का. मी नाही-नाही म्हणत गेले. मग त्या म्हणाल्या, "मला वाटतं मला कळलंय. पण खात्री करायची तर एकदा फिरवावं लागेल. चालेल?"

मी घाबरले, लपवत नाही. मुद्दाम चक्कर आणायची म्हणजे काय. पण त्यांनी आधीच सांगितलं, "मी डोकं सोडणार नाही. डोळे उघडे ठेवा, बाकी काही करू नका." मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडं वळवली, आणि एकदम मागं निजवलं, डोकं टेबलाच्या कडेच्या जरासं खाली. माझ्या डोक्याखाली त्यांचे दोन्ही तळवे होते. क्षणभर काहीच नाही. मग छत सुटलं.

मी ओरडले असेन. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, इकडं या. आईच्या डोळ्यांत बघा."

गजानन वाकला. फिरत्या छतामध्ये मला त्याचं तोंड दिसलं, तेही फिरत होतं. माझे डोळे आपोआप एका बाजूला हिसके देत होते, हे त्यानं पाहिलं. कमलानं निंबाखाली पाहिलं तेच. तिला तिथं देवी दिसली. बाईंना कान दिसला. गावानं निदान डोळ्यांत वाकून पाहिलं तरी होतं. तीन दवाखान्यांत तेवढंही कोणी केलं नाही. माझ्या रागातला सगळ्यात कडक राग हा आहे.

"आई," गजानन म्हणाला.

बाईंनी मला उठू दिलं नाही. तशीच मान दुसऱ्या बाजूला वळवली, थांबल्या. मग मला कुशीवर केलं, तोंड जमिनीकडं, पुन्हा थांबल्या. मग उठवून बसवलं. सूपातला खडा आपण हलके हलके झटकत कडेला आणतो ना, तसं माझं डोकं त्यांनी फिरवलं. म्हणाल्या, कानाच्या आत बारीक कण असतात, ते आपली जागा सोडून भलत्या नळीत शिरले की वळल्यावर असं होतं. परत त्यांच्या जागी लोटायचे. मला वावरातल्या दंडातलं, पाटातलं, पाणी चुकून दुसऱ्या सरीत शिरतं ते आठवलं. पाण्याला औषध देऊन काय उपयोग, फावडं घेऊन वळवावं लागतं.

थोड्या वेळानं पुन्हा निजवून पाहिलं. छत जागच्या जागी होतं. मी तशीच पडून छताकडं बघत राहिले. साधं पांढरं छत, एका कोपऱ्यात कोळिष्टक. त्याच्याएवढं चांगलं काही मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं.

"गोळ्या? अन पट्टा?" गजानननं विचारलं.

"त्या बंद. पट्टाही नको."

"मंग इतके दिवस—"

"इतक्या दिवसांचं मला विचारू नका," बाई म्हणाल्या. मग त्यांनी व्हिडिओ मागितला, कारण मी निशाणाचं आणि व्हिडिओचंही सांगितलं होतं. गजाननला लाज वाटत होती. त्यांनी तो थांबवून थांबवून पाहिला आणि त्याला दाखवला. "हे बघा, इथं मान वर केली. एक क्षण काही नाही. आणि इथून सुरू. तुमच्या खिशातच होतं हो सगळं."

घरी येताना ऑटोत बसलो. मी म्हटलं, "चावी दे."

"आई, दोन-चार रोज राहा ना."

"चावी दे आधी. मंग राहीन."

त्यानं पाकीट काढलं. मी दोन-चार रोज राहिले, शब्दाप्रमाणं. चावी उशाखाली घेऊन झोपले, दोन्ही कुशींवर.

देवी गेली

गावात परत आले तर पहिल्याच मंगळवारी बाया दारात. मी ओटी घेतली नाही. सगळ्यांना चहा केला आणि सांगितलं की माझ्या कानात खडा सरकला होता, तो बाईंनी जागेवर बसवला. कोणी चहा पिईना.

कमला म्हणाली, "बाई, असं बोलू नका. कान कुठं अन देवी कुठं."

"कमला, तुनं माहे डोळे पाह्यले होते ना?"

"पाह्यले."

"मंग मले काहून नाही विचारलं, का बाई काय होऊन राह्यलं तुमाले?"

कमला पदराचं टोक पिळत बसली. पुढं बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही, गायही तिनंच आणून बांधली पण मुक्यानं. काही बाया अजून म्हणतात की डॉक्टरीणबाईनं सुमनबाईची देवी काढून टाकली. म्हणू देत. मी चूल फुंकते, फळीवरचा डबा काढते, अष्टमीला ओट्यावर डोकं टेकते.

तुमच्यासाठी

मला कळलं तेवढं सांगते. मी डॉक्टर नाही. बाईंनी मला दटावून सांगितलं होतं की सगळ्यांची चक्कर कानाची नसते. कोणाची बीपीची, कोणाची साखरेची, कोणाची रक्त कमी झाल्याची, कोणाची एखाद्या गोळीचीच. आणि चक्करसोबत तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात-पाय गळाला, धड उभंच राहता येईना, एकाचे दोन दिसायला लागले, किंवा कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, तर तेव्हा ना सलाईन, ना लिंबू, ना वाट बघणं. गाडी करून मोठ्या दवाखान्यात. माझं पाहून घरच्या घरी कोणाची मान वळवत बसू नका.

पण दवाखान्यात जाताना ठरवून जा की काय दिसतं, कशानं येतं, किती वेळ टिकतं, हे पूर्ण सांगितल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. डॉक्टर मध्येच बोलले तर थांबा, आणि ते थांबले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. उद्धट म्हणतील. मला म्हणतात.

परत आली तेव्हा

बाईंनी सांगितलं होतं की ही परत येऊ शकते. आली. हरभरा सोंगून झाला होता. सकाळी वळले आणि आढं फिरलं. मी खाटेची पाटी धरली आणि यावेळी भीती वाटली नाही. म्हणजे आजाराची वाटली नाही. वाटली ती नवीन कुलपाची.

गजाननला सांगायचं की नाही, याचा मी धार काढेपर्यंत विचार केला. नाही सांगितलं तर लपवल्यासारखं, सांगितलं तर तो मोटरसायकल काढणार. शेवटी फोन लावला.

"गजू, आज परत फिरलं."

तिकडं मशीनचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. मी मनात उत्तर तयार करून ठेवलं होतं, चांगलं तिखट. कुलूप म्हणाला की हे म्हणायचं, काकूकडं गाय म्हणाला की ते म्हणायचं.

"कोणत्या कुशीवर?" गजानन म्हणाला.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? कोणत्या कुशीवर फिरलं? उजव्याच?"

"नाही रे. या बारीला डाव्या."

"बोलताना जीभ बरोबर हाय ना? हात-पाय?"

"सारं बरोबर हाय."

"बरं. बस आता, वाकू नको. मी घ्याले येतो. बाईंकडं जाऊ, अन अंधार पडायच्या आत वापस आणून सोडतो. नाहीतर संध्याकाळची धार राहून जाईन तुही."

तो आला तेव्हा मी पायरीवर बसून होते. दाराला कुलूप मी माझ्या हातानं लावून ठेवलं होतं आणि चावी कमरेला खोचली होती. त्यानं ती पाहिली, आणि मोटरसायकल वळवली.